पीएस६च्या अफवा: थांबायचं की याच दिवाळीत पीएस५ घेऊन टाकायचा?

खाजन (फोंडा), १३ ऑक्टोबर २०२५, रात्री १०.४०

मंडळी, गेल्या गुरुवारपासून आमच्या वाड्यावर नरकासुराच्या पुतळ्याला कागद चिकटवणं कमी आणि पीएस६वर, म्हणजे सोनीच्या पुढच्या प्लेस्टेशनवर (टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल), भांडण जास्त चाललंय. रोज तेच तेच ऐकून कान किटले, म्हणून हा धागा.

९ ऑक्टोबरला प्लेस्टेशनचा मुख्य यंत्ररचनाकार मार्क सेर्नी आणि चिप बनवणाऱ्या एएमडीचा जॅक हुइन यांचा एक व्हिडिओ आला. त्यात तीन गोष्टी आहेत. रे ट्रेसिंगसाठी (गेममध्ये प्रकाश खऱ्यासारखा दाखवण्यासाठी) चिपमध्ये स्वतंत्र भाग, त्याला ते 'रेडियन्स कोअर' म्हणतात. ग्राफिक्सचे सुटे गट एआयच्या कामासाठी एकत्र जोडणारी 'न्यूरल अ‍ॅरे'. आणि मेमरीवरचा ताण कमी करणारं 'युनिव्हर्सल कॉम्प्रेशन'. सेर्नीने स्वतःच सांगितलं की हे सगळं सध्या फक्त सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावरच्या प्रतिकृतीत, आहे आणि काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलमध्ये ते आणायला आवडेल. बस्स. ना 'पीएस६' हे नाव, ना साल, ना किंमत. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर हेच 'पीएस६ २०२७मध्ये येणार, सोनीची घोषणा' होऊन फिरत होतं.

२०२७ आलं कुठून? पीएस३ २००६चा, पीएस४ २०१३चा, पीएस५ २०२०चा. ज्याला सातचा पाढा येतो त्याला ही 'आतली बातमी' घरबसल्या मिळते. २०२७ खोटं ठरेल असं मी म्हणत नाही. पण अंदाजाला लीक म्हणून खपवू नये.

मी अफवा कशा तोलतो ते सांगतो, पटत नसेल तर बोला. कुणाच्या हातात वस्तू असेल तर मी विश्वास ठेवतो. ऑगस्ट २०१६मध्ये इंग्लंडात गमट्री या जुन्या सामानाच्या साइटवर कुणीतरी पीएस४ स्लिम (पीएस४ची सडपातळ आवृत्ती) विकायला काढला होता. लोक म्हणाले बनावट. एका गेमिंग साइटचा माणूस प्रत्यक्ष जाऊन तो चालू करून बघून आला आणि ७ सप्टेंबरला सोनीने तोच डबा स्टेजवर दाखवला. कागद असेल तर मी निम्मा विश्वास ठेवतो, कारण कागद खरा असूनही बातमी खोटी निघू शकते. जून २०२३मध्ये एक्सबॉक्सवाल्या मायक्रोसॉफ्टने अमेरिकेच्या कोर्टात लिहून दिलं होतं की पीएस५ स्लिम त्याच वर्षी ३९९.९९ डॉलरला अपेक्षित आहे. प्रतिस्पर्धी कंपनी, तीही कोर्टात! स्लिम आला, वर्षही बरोबर निघालं. किंमत मात्र डिस्कवाल्याची ४९९.९९ राहिली आणि बिनडिस्कवाल्याची उलट ३९९.९९ वरून ४४९.९९ झाली. आणि ज्या यूट्यूब व्हिडिओत फक्त 'माझा एक सूत्र' असतो तो मी पॉपकॉर्न खात बघतो.

आता प्रश्न. माझा पीएस४ अजून चालतो, पण नवे गेम त्यावर येईनासे झालेत. हातात पैसे आहेत. पीएस६ दोन वर्षांत येणार असेल तर आज पीएस५ घेणं शहाणपणाचं का?

लीकबहाद्दर (मडगाव), १३ ऑक्टोबर, रात्री ११.१५

धाग्याला शुभेच्छा, पण सगळ्या यूट्यूबवाल्यांना एकाच पंक्तीला बसवू नका हो. मार्च २०२४मध्ये पीएस५ प्रोचे (पीएस५च्या जास्त ताकदीच्या आवृत्तीचे) कागद 'मूर्स लॉ इज डेड' या चॅनेलनेच बाहेर काढले होते. चित्र मोठं करणाऱ्या तंत्राचं 'पीएसएसआर' हे नावसुद्धा त्यात होतं. सप्टेंबरमध्ये सेर्नीने प्रो जाहीर केला तेव्हा तेच नाव निघालं. आता तोच चॅनेल पीएस६च्या चिपचं नाव 'ओरायन' आणि हातात धरायच्या प्लेस्टेशनच्या चिपचं नाव 'कॅनिस' सांगतोय. मी तरी ऐकून घेतो.

सांकेतिक नावं बहुतेक वेळा खरी निघतात हेही लक्षात घ्या. पीएस४ = ऑर्बिस, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन = डुरँगो, निन्टेन्डोचा स्विच = एनएक्स, पीएस४ प्रो = निओ. सगळी आधी कुजबुजीतच ऐकली होती.

वायरमन (पणजी), १३ ऑक्टोबर, रात्री ११.५२

लीकबहाद्दर, प्रोचे कागद खरे होते यात वाद नाही. पण त्याच कागदांनी लोकांना किती फसवलं ते सांगतो. त्यात आकडा होता ३३.५ टेराफ्लॉप (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी क्रिया). पीएस५ १०.२८चा, म्हणजे तिप्पट ताकद, असं सगळीकडे झालं. प्रत्यक्षात सोनीने सांगितलेला आकडा १६.७.

दोन्ही आकडे खरे आहेत. प्रोच्या चिपमध्ये ६० गट, प्रत्येकात ६४ कप्पे, एका ठोक्याला दोन क्रिया आणि साधारण २.१८ गिगाहर्ट्झचा वेग. गुणाकार करा, १६.७ येतात. एएमडीच्या नव्या पिढीच्या चिप ठरावीक वेळी एकाच ठोक्यात दुप्पट क्रिया करू शकतात, म्हणून जाहिरातीत आकडा दुप्पट होतो, ३३.५. गेममध्ये तो दुप्पटपणा क्वचितच हाती लागतो. सेर्नीने नंतर स्वतः या फुगलेल्या फ्लॉपची चेष्टा केली.

आता ओरायनचे जे आकडे फिरताहेत ते कोणत्या हिशेबाने मोजले हे कुणी विचारतंय का? पीएस५शी तुलना करताना एकीकडे दुप्पट धरलेला आणि दुसरीकडे साधा आकडा घेतला की काहीही सिद्ध होतं.

माटोळी (काणकोण), १४ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

डोक्यावरून गेलं, पण वाचायला मजा आली. माझे प्रश्न साधे आहेत. लेकीची दहावी मार्चमध्ये आहे, ती झाली की घरात कन्सोल आणायचा असं कबूल केलंय. (खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मलाच जास्त खेळायचंय.) पीएस५चे गेम उद्या पीएस६वर चालतील का? आणि बिनडिस्कचा घ्यायचा की डिस्कवाला?

जुना_कार्ट्रिज (म्हापसा), १४ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

माटोळीताई, पहिल्या प्रश्नावर सोनी अजून बोललेली नाही. मागचं पाहायचं तर पीएस४चे जवळजवळ सगळे गेम पीएस५वर चालतात, कारण दोन्हींत एएमडीच्याच घराण्यातली चिप आहे. पीएस३ची सेल चिप अगदीच वेगळी, म्हणून पीएस३च्या डिस्क पीएस४मध्ये मुक्या राहिल्या. पुढची चिप एएमडीचीच, हे त्या व्हिडिओतून स्पष्ट आहे. त्यामुळे आशा ठेवायला जागा आहे.

आता खाजन यांच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून '९९९९९९ इन १'चं पिवळं कार्ट्रिज घेतलेल्या पिढीतला. (गेम निघायचे मोजून पाच-सहा, बाकी त्यांचीच पिलावळ.) आमच्या पिढीचा नियम एकच होता: थांब, स्वस्त होईल. आणि व्हायचंही. पीएस२ अमेरिकेत २०००मध्ये २९९ डॉलरचा, २००९मध्ये ९९ला आला. पीएस३चं मोठं मॉडेल २००६मध्ये ५९९ला, ऑगस्ट २००९मध्ये स्लिम जाहीर झाला तेव्हा २९९. त्या स्लिमचे फोटो आधीच आशियातून बाहेर पडले होते. ती अफवा ऐकून थांबलेला माणूस शहाणा ठरला, त्याचे अर्धे पैसे वाचले.

हा नियम या पिढीत मेला. डिस्कवाला पीएस५ नोव्हेंबर २०२०मध्ये ४९९.९९ डॉलरला होता. पाच वर्षांनी, ऑगस्ट २०२५च्या २१ तारखेपासून अमेरिकेत तोच ५४९.९९ झाला. प्रो ६९९.९९ वरून ७४९.९९ झाला. एक्सबॉक्स सिरीज एक्स ४९९ वरून मे २०२५मध्ये ५९९.९९ आणि ३ ऑक्टोबर २०२५पासून ६४९.९९ झाला. आपल्याकडे पीएस५ फेब्रुवारी २०२१मध्ये ४९,९९० रुपयांना आला, २०२२च्या नोव्हेंबरात ५४,९९० झाला. म्हातारं यंत्र महाग होतंय! पूर्वी चिप आक्रसत गेली की स्वस्त पडायची. आता बारीक चिपचा प्रत्येक नवा टप्पा महाग पडतो, म्हणून कंपनीकडे कापायला काही उरत नाही. वर अमेरिकेचं आयात शुल्क.

म्हणून माझं मत सरळ आहे. 'नवा आला की जुना स्वस्त होईल' हे गृहीत धरून थांबत असाल तर थांबू नका. नवाच हवा म्हणून थांबत असाल तर तो वेगळा हिशेब.

डिचोलीकर, १४ ऑक्टोबर, दुपारी १.२०

सगळे हुशार एकत्र जमलेत म्हणून विचारतो. आमच्या इथल्या एका दुकानदाराने पीएस६साठी नाव नोंदवायला सुरुवात केलीय. पाच हजार आगाऊ. म्हणतो पहिल्या लॉटमधले दोन मला मिळणार, माझा मुंबईचा माणूस आहे. भरू का?

वायरमन, १४ ऑक्टोबर, दुपारी १.२६

नाही.

जुना_कार्ट्रिज, १४ ऑक्टोबर, दुपारी १.३१

अरे बाबा, ज्या वस्तूचं नाव कंपनीने उच्चारलेलं नाही तिचा 'पहिला लॉट' कसला? १२ जानेवारी २०२१ला भारतात पीएस५ची अधिकृत नोंदणी उघडली तेव्हा मिनिटांत संपली होती. तेव्हाही भल्याभल्या दुकानांना मिळाले नव्हते. नको भरू.

तारवटीचो_भाव (वास्को), १४ ऑक्टोबर, सायंकाळी ६.४५

गोव्यात कन्सोलचा विषय निघाला आणि तारवटी (बोटीवर नोकरी करणारे) निघाले नाहीत असं कसं होईल. माझा थोरला भाऊ क्रूझवर आहे, आमच्या घरातले सगळे कन्सोल त्याच्या बॅगेतून आलेत. प्रो भारतात नाही म्हटल्यावर अर्धा वाडा त्याच्याकडे मागणी नोंदवून बसलाय. तेव्हा ज्यांच्या घरी कुणी दुबईला, कुवेतला, बोटीवर किंवा इंग्लंडला आहे त्यांच्यासाठी हिशेब मांडतो.

२०२५मधल्या नियमाप्रमाणे परदेशातून येणाऱ्या भारतीयाला ५०,००० रुपयांपर्यंतचं सामान बिनशुल्क होतं. त्यावर जे असेल त्याला अधिभारासकट ३८.५ टक्के शुल्क. प्रो ७४९.९९ डॉलर, डॉलर ८८ रुपयांचा धरला तर ६६,००० होतात. अमेरिकेतला विक्रीकर वेगळा. वरच्या १६,०००वर सहा हजारांच्या आसपास शुल्क. म्हणजे सत्तर हजारांच्या पुढे गेलात, तेही बॅगेत दुसरं काहीच नाही असं धरून. आणि कुठल्या घरच्या बॅगेत दुसरं काही नसतं? चॉकलेटं, परफ्यूम, मावशीची मिक्सरची भांडी.

बोटीवरच्यांना आणखी एक गोम आहे. ही ५०,०००ची सवलत काँट्रॅक्ट संपवून, हिशेब चुकता करून घरी येणाऱ्याला होती. मुरगावला क्रूझ लागली म्हणून चार तास घरी जेवायला येणाऱ्या खलाशाला २०२५च्या नियमात फक्त १,५०० रुपयांचा खाऊ आणता येत होता. भावाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मग चीजच आणतो.

डिस्क कुठल्याही देशाची चालते, ती काळजी नको. पण खातं ज्या देशाचं, स्टोअर त्या देशाचं. वॉरंटी मात्र आणलेल्या देशातच राहते.

माटोळी, १४ ऑक्टोबर, रात्री ८.१०

मावशीची मिक्सरची भांडी 😀 आमच्याकडेही तेच.

पण प्रो भारतात का नाही? सत्तर हजार देणारे लोक इथे नाहीत असं तर नाही.

खाजन, १४ ऑक्टोबर, रात्री ९.३५

पैशाचा प्रश्नच नाही, वायफायचा आहे. प्रोमध्ये वायफाय ७ आहे. ते ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतं आणि तो पट्टा भारतात २०२५मध्ये विनापरवाना वापरासाठी खुला नव्हता. ज्या देशांत हा पट्टा खुला नाही तिथे प्रो मिळणार नाही, असं सोनीने सांगितलं आणि त्यात भारताचं नाव घेतलं. दूरसंचार खात्याने मे २०२५मध्ये ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा खालचा भाग मोकळा करण्याचा मसुदा काढला. ऑक्टोबर २०२५पर्यंत अंतिम अधिसूचना निघाली नव्हती.

माझं खरं दुखणं इथे आहे. या सगळ्या अफवांत चिप किती गटांची, मेमरी किती, हे तासन्तास चालतं. आपल्याला उपयोगी पडेल अशी एकच अफवा असू शकते, ती म्हणजे वस्तू भारतात कधी येणार. ती कुणी पसरवतच नाही! पीएस४ नोव्हेंबर २०१३मध्ये अमेरिकेत आला, भारतात ६ जानेवारी २०१४ला. पीएस५ नोव्हेंबर २०२०मध्ये, भारतात २ फेब्रुवारी २०२१ला. पीएस५ स्लिम तिकडे नोव्हेंबर २०२३मध्ये, इकडे ५ एप्रिल २०२४ला. प्रो तिकडे ७ नोव्हेंबर २०२४ला, इकडे ऑक्टोबर २०२५पर्यंत नाही. दोन महिने, अडीच महिने, पाच महिने, आणि आता वर्ष होत आलं. पीएस६ जगात २०२७च्या दिवाळीला आला असं धरलं तरी डिचोलीच्या दुकानात तो कधी पोहोचेल, हे ओरायन आणि कॅनिस सांगणाऱ्याला माहीत नाही. त्याला पर्वाही नाही, आणि का असावी?

ज्यांना इथल्यापुरता सुगावा हवा त्यांनी अमेरिकेच्या यूट्यूबपेक्षा आपल्या सरकारी नोंदींकडे लक्ष ठेवावं. व्हिडिओ गेम यंत्रांना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते, २०१२च्या पहिल्या यादीपासून ती आहे. बिनतारी भागांना दूरसंचार खात्याची मान्यता वेगळी. तिथे हालचाल नाही तोवर 'भारतात लवकरच' या शब्दांना माझ्या लेखी किंमत नाही.

तारवटीचो_भाव, १४ ऑक्टोबर, रात्री ९.५०

तो मसुदा मीही चाळला होता. त्यात हा पट्टा तेलविहिरींच्या फलाटांवर, गाड्यांमध्ये आणि बोटींवर वापरायला बंदी घातलीय. विमानात दहा हजार फुटांच्या वर चालेल म्हणे. आमचे तारवटी गेले खड्ड्यात!

लीकबहाद्दर, १४ ऑक्टोबर, रात्री १०.२०

खाजन, भारताच्या तारखांचा मुद्दा मान्य. मात्र कागदांवरचा तुमचा निम्मा विश्वास मला कमी वाटतो. २०२३च्या सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टच्या खटल्यातले कागद चुकून जाहीर झाले. त्यात सिरीज एक्सचा गोल डब्यासारखा, बिनडिस्कचा 'ब्रुकलिन' होता, चित्रासकट. तो काही अफवेचा भाग नव्हता, कंपनीचा स्वतःचा आराखडा होता.

वायरमन, १४ ऑक्टोबर, रात्री १०.४१

आणि आला का तो? ऑक्टोबर २०२४मध्ये बिनडिस्कची पांढरी सिरीज एक्स आली, पण जुन्याच चौकोनी खोक्यात. आराखडा म्हणजे वस्तू नव्हे. कंपन्या दहा आराखडे करतात, नऊ कपाटात जातात. लीक झालेला कपाटातला नसेल कशावरून?

पीएस५च्या वेळची 'व्ही' आकाराची गंमत आठवते का? २०१९मध्ये ब्राझीलच्या पेटंट कार्यालयातून एक चित्र निघालं, मध्ये इंग्रजी व्हीसारखी खोल खाच. अख्ख्या जगाने ठरवलं की पीएस५ असाच दिसणार. तो निघाला गेम बनवणाऱ्यांना द्यायचा डेव्हकिट. (अवांतर: ब्राझीलचा कागद म्हणजे पोर्तुगीज. सासष्टीतल्या एखाद्या आजोबांना दाखवला असता तर त्यांनी कानामात्रेसह वाचून दाखवला असता.)

केवडा (पेडणे), १५ ऑक्टोबर, सकाळी ८.००

स्विच २बद्दल कुणीच बोलत नाही? ५ जून २०२५ला आला, बाहेरच्या देशांत मिळतो. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकतच नाही, तरी मुलांसाठी तोच बरा वाटतो.

जुना_कार्ट्रिज, १५ ऑक्टोबर, सकाळी ८.४०

केवडा, दुबईकडचा कुणी असेल तर आण, वाईट नाही. फक्त जपानमधून आणू नको. तिथला ४९,९८० येनचा स्वस्त मिळतो, पण त्यात भाषा फक्त जपानी. आणि इथे बिघडला तर अधिकृतपणे दाद मागायला जागा नाही.

अफवांचाच विषय आहे म्हणून सांगतो, स्विचवाल्यांसारखे पोळलेले लोक दुसरे नाहीत. २०२१च्या मार्चमध्ये ब्लूमबर्गसारख्या मोठ्या वृत्तसंस्थेने सात इंची ओएलईडी पडद्याचा आणि टीव्हीवर ४के (जास्त बारकाव्याचं चित्र) दाखवणारा स्विच येतोय असं लिहिलं. जुलैमध्ये निन्टेन्डोने जाहीर केला तो सात इंची ओएलईडी, तंतोतंत. ४के मात्र गायब. त्यासाठी चार वर्षं थांबावं लागलं. अर्धी खरी अफवा पूर्ण खोटीपेक्षा महागात पडते, कारण पडद्याचं खरं निघालं की उरलेल्यावरही माणूस विसंबतो.

लीकबहाद्दर, १५ ऑक्टोबर, सकाळी ११.०५

ठीक, मी एकटा पडलोय असं दिसतंय 😄 पण एक्सबॉक्सवाल्यांचं काय ते तरी सांगा. या महिन्यात 'मायक्रोसॉफ्ट हार्डवेअर बंद करणार' अशी हूल उठली होती. कंपनीने खोडून काढली. जूनमध्ये मायक्रोसॉफ्टच्या वतीने सारा बाँडने एएमडीबरोबर पुढच्या पिढीच्या यंत्रांचा करार जाहीर केलाच आहे. ही तरी अफवा नाही ना?

खाजन, १५ ऑक्टोबर, सकाळी ११.३०

नाही, ती घोषणा. पण एक्सबॉक्सची दिशा बघा. उद्या १६ तारखेला त्यांच्या नावाचा जो हातात धरायचा डबा येतोय, तो असूसने बनवलेला विंडोज संगणकच आहे. अमेरिकेत ५९९.९९ आणि वरचा ९९९.९९ डॉलर. पुढचा एक्सबॉक्स कन्सोल असेल की टीव्हीखाली ठेवायचा पीसी, हाच मोठा प्रश्न आहे. हातात पीएस४च्या डिस्क असलेल्या माझ्यासारख्याला त्यात रस कमी.

तारवटीचो_भाव, १५ ऑक्टोबर, सकाळी ११.४४

विंडोज आहे ना त्यात? मग कस्टममध्ये लॅपटॉप म्हणून सोडतील का? अठराच्या पुढच्या माणसाला एक लॅपटॉप माफ असतो.

जुना_कार्ट्रिज, १५ ऑक्टोबर, दुपारी १२.०२

दोन बाजूंना बटणं, अंगठ्याच्या दांड्या, वर एक्सबॉक्सचा शिक्का. मोपा विमानतळाच्या काउंटरवर हा लॅपटॉप आहे असं सांगताना भावाचा चेहरा बघायला मी स्वतः येईन.

वायरमन, १५ ऑक्टोबर, रात्री ९.१५

माटोळीताईंचा डिस्कचा प्रश्न मागेच राहिला. त्याआधी एक गोष्ट, जिच्याबद्दल अफवा कधीच उठत नाही.

कंपन्या न सांगता मॉडेल बदलतात. पीएस५ बाहेरून तसाच दिसायचा, पण पहिला सीएफआय-१००० मालिकेतला (सीएफआय म्हणजे खोक्यावर छापलेला मॉडेल क्रमांक). २०२१मध्ये ११०० आला, त्यात उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग लहान झाला आणि वजन ३०० ग्रॅमनी उतरलं. २०२२मध्ये १२००, त्यात चिप ६ नॅनोमीटरची, म्हणजे आणखी बारीक झाली. मग २००० म्हणजे स्लिम. आता सप्टेंबर २०२५मध्ये युरोपात बिनडिस्कच्या स्लिमचा २१०० आलाय आणि त्यात साठवण १ टेराबाइटवरून पुन्हा ८२५ गिगाबाइटवर गेलीय. किंमत तीच! दुकानात गेलात की खोक्याच्या स्टिकरवरचा आकडा आणि साठवण दोन्ही वाचा. लोक दोन वर्षांनी येणाऱ्या डब्याचे गट मोजतात आणि हातातल्या खोक्यावरचा क्रमांक वाचत नाहीत.

डिस्कबद्दल: डिस्कवालाच घ्या. स्लिमला ड्राइव्ह नंतर जोडता येतो, पण तो वेगळा विकत घ्यावा लागतो आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. आपल्याकडे मित्रामित्रांत डिस्क फिरतात, खेळून झालेली विकता येते. बिनडिस्कवाला ती सोय पहिल्याच दिवशी गमावून बसतो. शिवाय काणकोणला शंभर गिगाबाइटचा गेम उतरवायचा आणि मध्येच वीज जायची, हे मी सांगायला नको.

विजेवरून आठवलं. पीएस५ची कमाल ओढ ३५० वॅटच्या आसपास धरा. संगणकाला लावायच्या सहाशे व्हीएच्या छोट्या यूपीएसवर टीव्हीसकट तो चालवू नका, हजार व्हीएचा घ्या. पावसाळ्यात खारी हवा एचडीएमआयच्या तोंडाला गंज चढवते. माझ्याकडे येणाऱ्या किनारपट्टीवरच्या कन्सोलमध्ये हेच दुखणं जास्त. बंद कपाटात ठेवू नका, महिन्यात एकदा तरी चालू करा, समुद्राकडच्या खिडकीखाली तर मुळीच नको.

माटोळी, १५ ऑक्टोबर, रात्री १०.००

देव बरें करूं, वायरमन. ठरलं. मार्चपर्यंत थांबतच नाही, आत्ता डिस्कवाला घेते आणि खोकं लेकीची परीक्षा होईपर्यंत माझ्या कपाटात. (बंद कपाटात नको म्हणालात ते चालू कन्सोलबद्दल ना?)

वायरमन, १५ ऑक्टोबर, रात्री १०.०८

खोक्यात असेल तर चालेल. पण वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात, सहा महिने कपाटात वाया जातील. आणल्या दिवशी एकदा लावून, डिस्क घालून तपासा. बिघाड असेल तर आठवड्यात कळलेला बरा.

माटोळी, १५ ऑक्टोबर, रात्री १०.१२

तपासायला मी रात्री दोन-तीन तास तरी लावीन म्हणते. नीट तपासलेलं बरं.

खाजन, १६ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

😀 ताई, आवाज बंद करून तपासा.

मीही घेतोय, डिस्कवाला स्लिम. जीटीए ६ हा गेम पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एससाठी जाहीर झालाय, २०२६मध्ये येणार म्हणतात, तो खेळायला पीएस६ लागणार नाही. आणि २०२७ला खरंच आला तर आला. तेव्हाचं भारतातलं आगमन, किंमत, वायफायचा परवाना, सगळं मिटेपर्यंत माझा पीएस५ तीन-चार वर्षांचा होईल. तेवढं बस्स झालं. लीकबहाद्दर, तुमचा ओरायन आला की या धाग्यावर येऊन मला हवं ते ऐकवा.

लीकबहाद्दर, १६ ऑक्टोबर, सकाळी ८.२०

वाचनखूण करून ठेवलीय. आकड्यांसकट.

डिचोलीकर, १६ ऑक्टोबर, सायंकाळी ५.३०

त्या दुकानात जाऊन आलो. म्हटलं पाच हजार देतो, पण पावतीवर 'पीएस६', यायची तारीख आणि नाही आला तर पैसे परत, एवढं लिहून द्या. मालक म्हणाला, अरे पावती कशाला, आपण एका गावचे. मी म्हटलं, मग पैसेही एका गावचेच राहूदेत, माझ्या खिशात. तेव्हा सूर बदलला. आता म्हणतो, पीएस६चं नंतर बघू, तुला पीएस५ ५२ हजाराला देतो, बिलाशिवाय.

जुना_कार्ट्रिज, १६ ऑक्टोबर, सायंकाळी ५.४१

बिलाशिवाय म्हणजे वॉरंटीशिवाय. खोक्यावरचा सीएफआय क्रमांक आणि सील दोन्ही बघितलेस का?

डिचोलीकर, १६ ऑक्टोबर, सायंकाळी ५.५५

सील फोडून पुन्हा चिकटवलेलं दिसलं. सोडून आलो. शनिवारी पणजीला येतो, वायरमन, वेळ असेल तर बरोबर येशील काय रे?

वायरमन, १६ ऑक्टोबर, सायंकाळी ६.१०

अकराला ये. दुपारनंतर अठरा जून रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळणार नाही.